दोघींची लेखणी, एक कथा : स्त्रियांच्या सहलेखनाचा मागोवा

नागपूर, प्रतिनिधी : म्हाळगीनगर चौकातून दक्षिणेकडे जाणारा रस्ता हुडकेश्वरला पोहोचतो. एकेकाळी शहराबाहेरचे शेतीचे गाव असलेले हुडकेश्वर २०१३ मध्ये नरसाळ्यासह नागपूर महापालिकेच्या हद्दीत आले. गावाचे उपनगर होताना वावरांचे लेआउट झाले आणि धुऱ्यांच्या जागी प्लॉटच्या खुणा आल्या. जमिनीत झालेला हा बदल सातबारावर आणि नकाशांवर नोंदला जातो. याच काळात त्या घरांतील मुली लहानाच्या मोठ्या झाल्या. त्यांच्या वाट्याला काय आले, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही. ते काम कथेला करावे लागते.

अशी कथा लिहिताना एक जुनीच अडचण पुढे येते. ज्या स्त्रीने तो काळ जगला तिला बहुधा लिहिण्याची सवय नसते, आणि जिला लिहिता येते तिने तो काळ पाहिलेला नसतो. दोघींनी मिळून लिहिणे, अर्थात सहलेखन, हा या अडचणीवरचा एक मार्ग आहे. मराठीत हा मार्ग पूर्वापार वापरात असला तरी त्याला हे नाव क्वचितच दिले गेले. सामाजिक स्थित्यंतरात प्रौढ होणाऱ्या स्त्रियांच्या कथेला सहलेखनाने काय दिले, त्याची पद्धत कोणती आणि त्यातील धोके कोणते, याचा हा आढावा.

सहलेखन म्हणजे काय?

दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकाच कलाकृतीची जबाबदारी समानतेने घेणे म्हणजे सहलेखन. एकीने सांगावे व दुसरीने उतरवून घ्यावे हे शब्दांकन झाले. एकीने लिहावे व दुसरीने सुधारावे हे संपादन झाले. सहलेखनात कथेत काय राहील आणि काय जाईल, याचा निर्णय दोघींचा असतो. ओळी कोणी लिहिल्या यापेक्षा अंतिम होकार किंवा नकार कोणाच्या हाती होता, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. या कसोटीवर पाहिले असता सहलेखन म्हणून मिरवणारे बरेच लेखन प्रत्यक्षात शब्दांकनच असल्याचे दिसते. उलटपक्षी, एकाच नावाने छापलेल्या काही पुस्तकांमागे अनेकांचे हात असतात.

जात्यापासून छापखान्यापर्यंत

मराठी स्त्रियांच्या सामूहिक रचनेचा सर्वांत मोठा ठेवा म्हणजे जात्यावरच्या ओव्या. एकीने ओळ धरावी, दुसरीने ती पुरी करावी, पुढच्या पिढीने त्यात आपले दुःख मिसळावे, अशी ही रचना. माहेर सुटणे, सासरी रुजणे, लेकीचे लवकर झालेले लग्न हे त्यातील नित्याचे विषय. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यामुळे या ओव्यांचे मूळ कर्तृत्व कोणा एकीचे नाही, हे जसे लक्षात येते, तसेच गाणाऱ्या प्रत्येकीचे नाव नोंदवण्याचे महत्त्वही पटते.

छापील ग्रंथाला मात्र एक नाव हवे असते. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या रचना मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने वाचकांपुढे येऊ शकल्या. येथे टिपणाऱ्यांनी आपले नाव मागे ठेवले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. एकाने आरंभलेले काम दुसरीने पुढे नेण्याचे हे ठळक उदाहरण होय.

विदर्भाला अधिक जवळचे उदाहरण कुसुमावती देशपांडे यांचे. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक असलेल्या कुसुमावतींनी ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ हे कथासंग्रह दिले. १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी साहित्याचा इंग्रजीतील इतिहास त्यांच्या आणि मं. वि. राजाध्यक्ष यांच्या संयुक्त नावाने पुढे साहित्य अकादमीने प्रसिद्ध केला. कवी अनिल आणि कुसुमावती यांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपात आला. त्या शीर्षकात दोघांची नावे एकमेकांत मिसळून गेली आहेत.

एकटीच्या लेखणीची किंमत

स्त्रीच्या वाढत्या वयाची कथा एकटीने सांगायची तर त्याची किंमतही एकटीला मोजावी लागते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, परंतु लग्नाच्या आणि घरच्या जबाबदारीच्या कात्रीत सापडलेल्या तरुणींची घुसमट त्यात होती. पुस्तकावर वादळ उठले आणि या नावाआड कोण आहे, याची चर्चा रंगली. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. मुलींच्या शिक्षणसंस्थेत काम करताना त्यांनी अशा तरुणींचे आयुष्य जवळून पाहिले होते. अनेकींचे अनुभव त्या कथांत आले, परंतु त्यांवरील रोष झेलण्यासाठी एकच टोपणनाव उभे होते.

वाशीम येथे जन्मलेल्या गीता साने यांनी १९३० च्या दशकात ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ अशा कादंबऱ्यांतून विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारले. नागपूरच्या आशा बगे यांनी पुढच्या काळात घर, नाती आणि स्त्रीचे आत्मभान यांची कथा संयत शैलीत मांडली. त्यांच्या ‘भूमी’ या कादंबरीला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये त्यांना जनस्थान पुरस्काराने गौरवण्यात आले. या परंपरेचे सामर्थ्य वादातीत आहे. तथापि, ही परंपरा प्रामुख्याने लिहिण्याचा अवकाश मिळालेल्या स्त्रियांची आहे. तो अवकाश ज्यांना मिळाला नाही त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दुसरी पद्धत लागते आणि तिचे एक महत्त्वाचे उदाहरण नागपूरशी जोडलेले आहे.

नागपूरचा धागा

जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेला जोडून दलित महिलांची परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या. हजारो स्त्रिया तेथे जमल्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावे, अशा मागण्यांचे ठराव त्यांनी संमत केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या परिषदेत मुलींच्या शिक्षणावर आणि लग्नाची घाई न करण्यावर भर दिला. चौदा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच शहरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला. या दोन घटनांच्या दरम्यान वाढलेल्या मुलींच्या पिढीने वस्ती, शाळा, गिरणी आणि सभा यांतून नवे जग घडताना पाहिले.

पुढे अनेक वर्षे या स्त्रियांचा इतिहास विखुरलेला राहिला. तो एकत्र आणला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचे संयुक्त पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती आणि जुन्या वृत्तपत्रांतील नोंदी यांवर ते आधारलेले आहे. २००८ मध्ये वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. दोघींपैकी ऊर्मिला पवार कथाकार. ‘सहावं बोट’ हा त्यांचा कथासंग्रह या पुस्तकाच्या आधी, १९८८ मध्ये आला होता, आणि ‘आयदान’ हे आत्मकथन २००३ मध्ये आले. मीनाक्षी मून यांनी एक नियतकालिक चालवले.

हे पुस्तक इतिहासाचे आहे, कथेचे नव्हे. तरीही कथेच्या सहलेखनासाठी त्यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, सांगणाऱ्या स्त्रियांची नावे पुस्तकात राहिली आणि त्यांचे बोलणे निनावी ‘माहिती’ झाले नाही. दुसरी गोष्ट शीर्षकातच आहे. ‘आम्हीही’ या शब्दात लिहिणाऱ्या दोघी आणि सांगणाऱ्या सर्वजणी एकत्र येतात.

नऊ जणींचे ‘आम्ही’

महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. उत्तर प्रदेशातील सीतापूर जिल्ह्यात गावपातळीवर काम करणाऱ्या सात कार्यकर्त्या, त्यांची सहकारी ऋचा सिंह आणि अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या ऋचा नागर अशा नऊ जणींनी मिळून ‘संगतिन यात्रा’ हे हिंदी पुस्तक लिहिले. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यकर्त्यांनी बालपण, वयात येणे, लग्न, जात आणि नोकरी यांविषयी रोजनिश्या लिहिल्या. त्या एकमेकींना वाचून दाखवल्या, त्यांवर वाद घातले आणि त्यांतून ‘आम्ही’ हा संमिश्र निवेदक घडवला. कोणता अनुभव नेमका कोणाचा, हे अनेक ठिकाणी मुद्दाम झाकले गेले. त्यामुळे एखादीच्या घराकडे बोट दाखवणे अवघड झाले.

तरीही या लेखनावरून वाद झालेच. सामूहिक लेखन संरक्षण देते, पण ते पूर्ण कवच नसते. त्याचा मोठा लाभ वेगळा आहे. एकीला आपल्या आयुष्यातील जी गोष्ट नशिबाचा भाग वाटत असते, ती इतर जणींच्या रोजनिशीतही सापडली की तिचे सामाजिक कारण दिसू लागते. मराठीतही १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने स्त्रियांच्या अनुभवकथनाला असाच सामाईक मंच दिला.

वय आणि कायदा

वयात येण्याची कथा लिहिताना काळाची चौकट अचूक हवी. दोन पिढ्यांच्या लेखिका एकत्र लिहीत असतील तर हे विशेष आवश्यक ठरते, कारण ‘मोठी मुलगी’ या शब्दाचा अर्थच प्रत्येक पिढीत बदलला आहे. काही टप्पे पुढीलप्रमाणे :

- १८९१ : संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षे.
- १९२९ : शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे. अंमल १ एप्रिल १९३० पासून.
- १९४९ : हे वय १५ वर्षे.
- १९७८ : दुरुस्तीने मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ वर्षे.
- १९९४ : महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातील राज्य दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत हक्क. दुरुस्तीपूर्वी विवाह झालेल्या मुली मात्र वगळलेल्या.
- २००५ : केंद्रीय दुरुस्तीने ९ सप्टेंबरपासून मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क. विवाहित-अविवाहित हा भेद संपला.
- २००६ : बालविवाह प्रतिबंधासाठी नवा कायदा.
- २०२० : वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम राहतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्टचा निर्णय.

या तारखा कथेत सांगायच्या नसतात. पात्रांना कोणता पर्याय उपलब्ध होता आणि कोणता नव्हता, हे त्यांवरून ठरते.

एक कल्पित आराखडा

हुडकेश्वरसारख्या ठिकाणी बेतलेली एक काल्पनिक कथा उदाहरणादाखल घेऊ. आत्याचे लग्न १९८८ मध्ये झाले. भाची वीस वर्षांची असून महाविद्यालयात शिकते. आजोबांच्या नावे असलेले वावर विकायचे ठरते. लेआउट पाडणारा घरी येतो आणि आत्याला हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावले जाते. आत्या सही करते. माहेरचा उंबरा शाबूत राहावा, एवढीच तिची अपेक्षा असते. भाची त्याच कार्यालयाबाहेर उभी असते. दुसऱ्या दिवशी ती वडिलांना विचारते, “उद्या माझीही सही अशीच घेणार का?”

ही कथा भाचीने एकटीने लिहिली तर आत्या ‘बिचारी’ होण्याची भीती असते. आत्याच्या वयाच्या लेखिकेने एकटीने लिहिली तर भाची ‘आगाऊ’ वाटू शकते. दोघींनी मिळून लिहिली तर सहीमागचा हिशेब उलगडतो. हिस्सा मागितला तर भाऊबीज तुटेल, आणि न मागितला तर स्वतःच्या मुलीला काय सांगायचे? या दोन भयांमध्ये उभी असलेली स्त्री अज्ञानी नसते. तिला हक्क ठाऊक असतो आणि त्याची किंमतही ठाऊक असते. त्या कार्यालयाच्या दारात मोठी होते ती केवळ भाची नाही. साठीकडे झुकलेली आत्याही त्या दिवशी नव्याने मोठी होते.

भाषेचा प्रश्नही येथेच सुटतो. आत्या ‘वावर’ म्हणते, भाची ‘प्लॉट’ म्हणते. जमीन एकच, पण एका शब्दात पेरणी आहे आणि दुसऱ्यात चौरस फुटांचा भाव आहे. एकच लेखिका हे दोन्ही शब्द वापरू शकेल. परंतु आत्याच्या तोंडचा शब्द खरा वाटतो की नाही, हे तपासायला त्या पिढीतील कोणीतरी मसुद्याशेजारी बसलेले असावे.

प्रत्यक्ष पद्धत

सहलेखनाच्या तीन पद्धती सर्वसाधारणपणे रूढ आहेत. पहिलीत दोन निवेदक असतात आणि प्रत्येक लेखिका एकेकीचा भाग लिहिते. पत्रे किंवा रोजनिशीच्या रूपातील कथेला ही पद्धत मानवते. दुसरीत एक लेखिका पहिला मसुदा लिहिते, दुसरी तो कागद बाजूला ठेवून आपल्या शब्दांत तीच कथा पुन्हा लिहिते आणि दोन्हींतून तिसरा मसुदा तयार होतो. तिसरीत दोघी समोरासमोर बसून वाक्यागणिक लिहितात. लघुकथेसाठी दुसरी पद्धत बहुधा उपयुक्त ठरते, कारण तीत एकसंध स्वर टिकतो आणि मतभेदही लपत नाहीत.

लेखनापूर्वी काही गोष्टी ठरवून घेणे हिताचे. कथेतील मुख्य प्रश्न एका वाक्यात दोघींनी स्वतंत्रपणे लिहावा. ती वाक्ये जुळली नाहीत तर आधी त्यावर बोलावे. खऱ्या घटनांतील नावे, नाती, व्यवसाय बदलावेत. ज्या प्रसंगावर दोघींचे एकमत होत नाही, तेथे गुळमुळीत मधला मार्ग काढण्याऐवजी तो मतभेद दोन पात्रांच्या तोंडी द्यावा. अनेकदा तोच प्रसंग कथेचा कणा ठरतो. आणि आपल्या आयुष्यातून आलेला एखादा भाग कोणत्याही टप्प्यावर मागे घेण्याची मुभा प्रत्येकीला असावी.

मसुदा मोठ्याने वाचणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग मानावा. ज्येष्ठ सहलेखिकेला वाचनाचा सराव नसेल तर हाच तिच्या सहभागाचा खरा मार्ग असतो. ऐकताना ती जिथे थांबवते, ती जागा बहुधा दुरुस्तीची असते.

नाव कोणाचे, हक्क कोणाचा?

याबाबत कायद्याची स्थिती समजून घेणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ज्या कृतीत एका लेखकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, ती संयुक्त लेखनाची कृती ठरते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचे संरक्षण त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असते, आणि संयुक्त कृतीत ही मुदत शेवटी निधन पावणाऱ्या लेखकापासून मोजली जाते. टोपणनावाने प्रसिद्ध केल्यास ती प्रसिद्धीपासून ६० वर्षे असते. मात्र त्या मुदतीत खरी ओळख जाहीर झाल्यास मृत्यूपासूनची गणना लागू होते. हक्क दुसऱ्यास द्यायचे तर करार लेखी आणि स्वाक्षरीनिशी हवा.

कळीचा मुद्दा वेगळा आहे. कायदा अभिव्यक्तीचे, म्हणजे शब्दबद्ध रचनेचे, रक्षण करतो. कल्पना, माहिती वा जगलेला अनुभव यांवर कॉपीराइट नसतो. त्यामुळे जिने केवळ आपली हकिगत सांगितली आणि एकही ओळ घडवली नाही, तिला कायदा लेखिका मानेलच असे नाही. कथेला पुरस्कार मिळो, मानधन मिळो वा तिच्यावर चित्रपट निघो, सांगणारी बाजूला राहू शकते. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या आत्याची कथा लिहिताना तिच्याच हातून तिची गोष्ट सुटावी, यापरते दुर्दैव नाही.

म्हणून लेखनारंभीच एका कागदावर साधा करार असावा. दोन्ही नावे कोणत्या क्रमाने येतील, मानधनाची वाटणी कशी होईल, अनुवाद वा रूपांतरास संमती कोण देईल आणि एकीच्या पश्चात निर्णय कोणाचा, एवढे चार मुद्दे त्यात पुरेसे आहेत. सांगणारीला नाव उघड करायचे नसेल तर टोपणनावाने तिचा वाटा नोंदवता येतो. घरच्यांच्या धाकामुळे नाव झाकणे आणि श्रेयच न मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ओवीत एकीची ओळ दुसरी पुरी करीत असे आणि त्यासाठी कागदाची गरज पडत नसे. आज कथा छापली जाते, तिला मोल मिळते, म्हणून कागदाची गरज आहे. वस्त्या वाढत आहेत, जमिनींचे भाव वाढत आहेत आणि जुन्या हुडकेश्वरची आठवण असलेल्या स्त्रिया वयाने थकत आहेत. त्यांच्या गोष्टी लिहिल्या जाव्यात, हे तर खरेच. त्या गोष्टींखाली त्यांचेही नाव असावे, याची काळजी लिहिणाऱ्या पिढीने घ्यावयाची आहे.